टाके निघाले तरी दुखतंय? हुळहुळ्या वणाला माणसात आणण्याची कृती

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्स शिवणाऱ्या गाळ्यांत बोटात कधीच सुई गेली नाही असा कारागीर शोधून सापडायचा नाही. फर्निचर बाजारात सनमायकाची कड तळहात चिरते, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पत्र्याची बर लागते, बदलापूरच्या स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवताना अंगठा सापडतो. त्या दिवशी धावपळ होते: धनुर्वाताचं इंजेक्शन, चार टाके, पट्टी. आठ-दहा दिवसांत टाके निघतात, "जखम छान भरली" असं डॉक्टर सांगतात आणि घरच्यांपुरता विषय संपतो.

हाताचा विषय मात्र संपत नाही. दोन महिन्यांनीही शर्टाचं बटण लावताना कळ येते, लोकलचा दांडा धरवत नाही, एसी डब्यात बसलं की बोट आतून ठणकायला लागतं. "दिसायला तर काहीच नाही" असं ऐकून माणूस गप्प बसतो आणि दुसऱ्या हाताने कामं करायला लागतो. पुढची कृती त्याच्यासाठी आहे. ती घरी करता येते, खर्च जवळजवळ शून्य आहे. फक्त ती कोणी करायची आणि कोणी आधी डॉक्टरकडे जायचं, हे नीट ठरवावं लागतं.

भरलेली जखम का दुखते

कातडी वरून सांधली तरी आतलं काम वर्षभर चालू असतं. तिसऱ्या आठवड्यात वणाची ताकद मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकीच असते, आणि पुढे कितीही महिने गेले तरी ती ८० टक्क्यांच्या आसपास थांबते. या काळात आतले नवे धागे कधी शेजारच्या स्नायुबंधाला, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोरीला, चिकटून बसतात. मग बोट वाकवलं की ओढ बसते.

दुसरं कारण मज्जातंतूंचं. कातडीबरोबर त्यातले बारीक तंतूही कापले जातात आणि दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. तळहाताच्या मध्यावर कापलं असेल तर बोटाच्या टोकापर्यंत जाण भरून यायला तीन-चार महिने सहज लागतात, आणि तोवर झिणझिण्या, मुंग्या, चुरचुर चालूच राहते. वाढणाऱ्या टोकाला पुढची वाट सापडली नाही, तर मशीनच्या पाट्याखाली धागा गोळा होऊन जसं जाळं होतं, तशी तिथेच तंतूंची गाठ होते. तिच्यावर टिचकी बसली की करंट लागतो.

तिसरं कारण आपण स्वतः तयार करतो. दुखतं म्हणून ती जागा जपतो, कुठे लागू देत नाही, त्यावर पट्टी बांधून ठेवतो. रोजचा साधा स्पर्श थांबला की मेंदूला तिथला प्रत्येक स्पर्श धोक्याचा वाटू लागतो. जपून ठेवलेली जागा दुखतच राहते. म्हणून या कृतीचा गाभा एकच: त्या जागेला रोज, ठरवून, मोजून स्पर्श द्यायचा.

साहित्य

- खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन. वासाचं, औषधी, झोंबणारं काही नको.
- कापूस आणि पाच प्रकारच्या कापडांचे वीतभर तुकडे: अस्तराचं सॅटिन, जुनी मऊ सुती साडी, जाड सुती कापड, टर्किश टॉवेल, डेनिम. उल्हासनगरात कात्रणाला तोटा नाही, ओळखीच्या गाळ्यातून फुकट मिळेल.
- तीन खोलगट डबे: एकात रवा, दुसऱ्यात तांदूळ, तिसऱ्यात हरभरे. हे धान्य पुन्हा शिजवायचं नाही, त्यामुळे डब्यांवर नाव लिहून ते वेगळे ठेवा.
- बॉलपेन, वही, मोबाइलचं घड्याळ.
- वण उंच आणि कडक असेल तर औषधाच्या दुकानातून सिलिकॉन जेल किंवा सिलिकॉनची पट्टी. साहित्यात खरा खर्च एवढाच.

पायरी १: आधी हे पाहा, आणि यातलं काही असेल तर कृती करू नका

- वणाजवळ लाली, गरमपणा, वाढती सूज, पू किंवा ताप. आत जंतुसंसर्ग आहे. मधुमेह असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.
- जबडा आखडणं, तोंड पूर्ण न उघडणं, मान-पाठ ताठरणं. धनुर्वाताची लक्षणं जखमेनंतर बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात, म्हणजे जखम वरून भरलेली असतानाही. थेट मोठं रुग्णालय गाठा.
- जखमेच्या मानाने फारच जास्त आग, पूर्ण हात सुजलेला आणि चकचकीत, रंग कधी लाल कधी निळसर, एकच हात गरम किंवा गार, त्याच हाताला जास्त घाम. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांत सायलास वेअर मिचेल या डॉक्टरने असलं दुखणं १८६४ मध्ये नोंदवलं होतं. आज त्याला सीआरपीएस म्हणतात. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. यात आठवडाभरही थांबू नका.
- बोटाचं पेर वाकत नाही किंवा सरळ होत नाही. स्नायुबंध कापलेला असू शकतो.
- बोटाच्या एका बाजूला जाणच नाही. प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक मज्जातंतू जातो. एक कापला की तेवढी अर्धी बाजू बधिर होते. तो जोडायचा असेल तर पहिल्या काही दिवस-आठवड्यांत जोडणं सोपं असतं. महिने गेले की टोकं आखडतात.
- मज्जातंतू किंवा स्नायुबंध जोडण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. अशा हाताचा व्यायाम ज्याने शस्त्रक्रिया केली त्यालाच विचारून.

पायरी २: दुखण्याची जात ओळखा

खिडकीपाशी उजेडात बसा. बॉलपेनचं टोक आत ओढून घ्या आणि त्या बोथट टोकाने वणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर अर्ध्या सेंटीमीटरवर हलकं दाबत जा. जिथे दुखेल तिथे शाईचा ठिपका द्या. मग कापसाने वणाच्या दोन्ही बाजू आणि दुसऱ्या हाताची तीच जागा चोळून तुलना करा. पाच मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

- *सगळा वण हुळहुळा, कापूसही सोसत नाही:* कातडीची जाण चढलेली आहे. पायरी ५ तुमच्यासाठी मुख्य.
- *स्पर्श चालतो, पण बोट ताणलं की ओढ बसते, वण आत खेचला जातो:* वण चिकटलेला आहे. पायरी ४ आणि ६ मुख्य.
- *एकाच ठिपक्यावर करंट, तो बोटाच्या टोकाकडे पळतो:* तिथे मज्जातंतू आहे. टिचकी मारून पाहण्याची ही पद्धत फ्रेंच डॉक्टर ज्यूल्स तिनेल यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी ती १९१५ मध्ये मांडली. दर पंधरा दिवसांनी ठिपका पुन्हा शोधा. तो टोकाकडे सरकत असेल तर तंतू वाढतो आहे, चांगलं लक्षण. जागचा हलत नसेल आणि तिथे वाटाण्यासारखी गाठ लागत असेल तर सर्जनला दाखवा.
- *एकाच कोनात दाबलं की टोचतं, मधूनच सूज येते आणि जाते:* आत काहीतरी राहिलं असावं. सुईचं तुटलेलं टोक आणि पत्र्याचा कीस साध्या एक्स-रेत दिसतो, काचही बहुतेक वेळा दिसते. लाकडाची कुसळ, बाभळीचा काटा, प्लास्टिक मात्र एक्स-रेत दिसत नाही, त्याला सोनोग्राफी लागते. सुतारकाम करणाऱ्यांनी "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नये. आत काही असताना मालिश करायची नाही.
- *वण उंच, कडक, खाजरा:* मूळ जखमेच्या कडेतच उंच असेल तर तो महिन्यांनी बसत जातो. कड ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर पसरत असेल तर तो केलॉइड. छाती, खांदा, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. त्याला त्वचारोगतज्ज्ञाचं इंजेक्शन लागतं. ते साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात.

एकाच वणात दोन जाती असू शकतात. मग जी जास्त छळते तिच्यापासून सुरुवात करा.

पायरी ३: वहीत दोन गोष्टी लिहा

पहिली, दुखण्याचा आकडा: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना. दुसरी, आज न जमणारी तीन कामं, अगदी नेमकी. "हात दुखतो" असं नको. "उजव्या हाताने बटण लागत नाही", "कात्री दहा मिनिटांवर धरवत नाही", "पोळी लाटताना लाटणं वणावर येतं" असं हवं. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर ही वही अर्धं काम करते.

पायरी ४: मालिश

केव्हा: टाके निघून, खपली गळून, जागा पूर्ण कोरडी होऊन दोन आठवडे झाले की. त्याआधी नाही.

कसं: साबणाने हात धुवा. तेलाचे दोन थेंब पुरेत, बोट घसरत राहिलं तर आतली कातडी हलत नाही. वणावर अंगठा ठेवा आणि नखाचा रंग पांढरट होईल इतका दाब द्या. मग अंगठा कातडीवरून न फिरवता कातडीसकट हलवा: आधी गोल, मग वणाला आडवं, मग वणाच्या लांबीने. शेवटी वण चिमटीत धरून हळूच उचला. प्रत्येक प्रकार मिनिटभर, एकूण चार मिनिटं, दिवसातून तीनदा.

दुखण्याचा आकडा दोनाने वाढला तरी चालेल, पण अर्ध्या तासात तो पहिल्या जागी आला पाहिजे. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी दाब निम्मा करा. कातडी लाल राहिली, फोड आला किंवा फाटली तर ती पूर्ण बरी होईपर्यंत थांबा.

पायरी ५: स्पर्शाची सवय

ही पायरी सगळ्यात साधी दिसते आणि सगळ्यात जास्त टाळली जाते. कापडांचे तुकडे मऊपासून खरबरीतपर्यंत ओळीने मांडा: कापूस, सॅटिन, जुनी साडी, जाड सुती, टॉवेल, डेनिम. ज्या कापडाने चुरचुर होते पण हात मागे ओढावासा वाटत नाही, ते तुमचं आजचं कापड.

ते वणाच्या बाहेर, जिथे दुखत नाही तिथून चोळायला सुरुवात करा आणि फिरवत फिरवत वणावर आणा. हात मागे खेचू नका, डोळे वणावर ठेवा. पहिल्या मिनिटाला अंगावर काटा येतो, दात ओठ खाल्ले जातात. तिसऱ्या मिनिटाला तेच कापड बोथट वाटू लागतं. हा बदल त्याच बैठकीत जाणवतो, आणि तो जाणवेपर्यंत चोळत राहायचं. पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. एक कापड सलग तीन दिवस सहज चाललं की पुढचं घ्या. एखादं कापड आठवडाभर छळलं तर मागच्यावर या. त्यात हार-जीत काही नाही.

डेनिमपर्यंत आलात की धान्याचे डबे. हात रव्यात घालून बोटं उघडा-मिटा, मूठ भरा, सोडा. मग तांदूळ, मग हरभरे. शेवटी तीच बोटं टेबलावर, भिंतीवर, डब्याच्या झाकणावर हलकी वाजवत जा. मशीनवर बसणाऱ्याला चालू मशीनच्या टेबलावर हात ठेवून मिळणारं कंपनही इथे उपयोगी पडतं, अर्थात सुईपासून लांब.

जिथे जाण कमी आहे तिथे ही पायरी डोळ्यांनी पाहत करा. आणि बधिर बोटाने तवा, इस्त्री, चहाचं भांडं कधी तपासू नका. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने पाहा.

पायरी ६: हालचाल

मालिशीनंतर लगेच, कातडी मऊ असताना: बोटं पूर्ण उघडा, पाचपर्यंत मोजा. मग आधी फक्त टोकाची पेरं वाकवा, मग मूठ, मग अंगठा करंगळीच्या मुळाशी. प्रत्येक दहा वेळा. ओढ बसेल तिथे क्षणभर थांबा, दुसऱ्या हाताने जोर लावून वाकवू नका. दुसऱ्या आठवड्यापासून ओला रुमाल पिळणं, पीठ मळणं, कपड्यांचे चिमटे दाबणं अशी खरी कामं त्यात घाला.

पायरी ७: उंच वणासाठी सिलिकॉन

धुतलेल्या कोरड्या वणावर पट्टी लावा आणि दिवसातून किमान बारा तास ठेवा. उल्हास नदीकाठच्या दमट उन्हाळ्यात खाली घाम साचून पुरळ येतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ काढून वण आणि पट्टी दोन्ही धुवा. दिवसा काम करताना पट्टी टिकत नसेल तर जेल लावा आणि रात्री पट्टी. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्यांचे पैसे वाया जातात. उघड्या वणाला वर्षभर उन्हापासून झाका, नाहीतर तो काळा पडून तसाच राहतो.

पायरी ८: कामावर आणि गाडीत

कात्रीची किंवा पटाशीची मूठ सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून जाड करा. जाड मूठ वणावरचा दाब वाटून घेते. वीस मिनिटं काम, दोन मिनिटं बोटांची उघडझाप. पट्टी किंवा बोटमोजा फक्त कामापुरता, घरी आल्यावर काढा.

गर्दीच्या लोकलमध्ये दांडा वणावर येत असेल तर मनगटाच्या वर हात अडकवून उभं राहू नका, धक्क्यात खांदा जाईल. हात बदला, किंवा रुमाल घडी करून मधे घ्या.

मज्जातंतूला मार लागलेल्या बोटाला थंडी फार बाधते, आणि बदलापूरची पहाटेची थंडी मुंबईपेक्षा कडक. पहिले एक-दोन हिवाळे हा त्रास राहतो. सकाळी लवकर गाडी पकडणाऱ्यांनी लोकरी हातमोजा घालावा, घरून निघण्याआधीच. बोट गार पडल्यावर घातलेला मोजा गार बोटच गुंडाळून ठेवतो.

पोटावरच्या वणासाठी

सिझेरियन, हर्निया किंवा अपेंडिक्सच्या वणालाही हीच कृती चालते, तीन फरकांनी. मालिश शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांनी आणि सर्जनला विचारून सुरू करा. साडीची गाठ किंवा पँटचा पट्टा वणावर येऊ देऊ नका, दोन बोटं वर किंवा खाली बांधा. आणि दर पाळीला वण ठणकत असेल, तिथे गाठ लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला आवर्जून सांगा. गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी वणात रुजल्या असण्याची शक्यता असते.

हे करू नका

गरम फडकं, डाम, शेक देताना तापवलेली वीट: बधिर जागा भाजते आणि कळत नाही. झोंबणारे बाम स्वतःहून नको. ताज्या जखमेवर चुना, कॉफी, टूथपेस्ट नको. हाड बसवणाऱ्याकडून वण "मोकळा" करून घेणं नको. रोज डायक्लोफिनॅक घेणं तर नकोच. मज्जातंतूच्या आगीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि पोट-मूत्रपिंडाला त्रास होतो. त्या आगीसाठी अमिट्रिप्टिलिन, गाबापेंटिन, प्रिगाबालिन अशी वेगळी औषधं असतात. ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायची, कारण त्यांनी झोप येते. बँड नाइफवर किंवा प्रेसवर काम असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा.

किती दिवस, आणि मग कुठे

सहा आठवडे नेमाने करा. दुखणं तीन महिन्यांपलीकडे गेलं तर वैद्यकात ते जुनाट दुखणं धरतात. तिथवर वाट पाहू नका, सहा आठवड्यांत आकडा हलला नाही तर दाखवा. उल्हासनगर कॅम्प ३ मधलं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं डॉ. बी. जी. छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय, यांपैकी जवळचं गाठून केसपेपर काढा आणि पुढच्या तपासणीची चिठ्ठी घ्या. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर उल्हासनगरला कामगार विमा रुग्णालय आहे. कामावरच्या इजेची नोंद कारखान्याच्या अपघातवहीत झाली आहे ना ते पाहा, आणि टाके घातल्याचा पहिला कागद जपा. पुढे बोटात कायमची उणीव राहिली तर भरपाई त्या नोंदीवर अवलंबून असते.

हाताच्या सर्जनसाठी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी बहुधा मुंबईच गाठावी लागते. शीव, परळ दोन्ही मध्य रेल्वेवर आहेत, आणि परळच्या केईएमला या विषयात मान आहे: अमेरिकेत जन्मलेल्या आणि निंबकरांची सून होऊन इथल्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय तिथे सुरू केलं. धान्यात हात घालणं, कापडाने चोळणं यामागचं शास्त्र तिथे शिकवलं जातं. जाताना वही आणि एक्स-रे घेऊन जा.

केव्हा थांबायचं

आकडा शून्यावर यायची वाट पाहू नका, काही वणांचा तो कधीच येत नाही. वहीतली तीन कामं पाहा. तिन्ही जमायला लागली की कापडं आणि डबे आवरून टाका, मालिश दिवसातून एकदा ठेवा, वण पांढरा आणि मऊ होईपर्यंत. एक किंवा दोनच जमली असतील तर उरलेल्या कामाचाच सराव करा: बटण लागत नसेल तर जुना शर्ट मांडीवर घेऊन रोज दहा बटणं, त्याच दुखऱ्या बोटाने.